निळा उजेड आणि माझी मान

लेझरनं डोळा जळतो का, हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. पांढरकवड्यात हायवेला लागून आमचं वेल्डिंगचं दुकान आहे. नागपूरला डोळे दाखवायला निघालेली माणसं, बसला वेळ असला की, दुकानासमोर येऊन बसतात, चहा पितात आणि हळूच विषय काढतात. "रशीदभाई, तुमच्या डोळ्यात लेझर मारलता म्हणते. जळते काय हो?" मला आधी रागच येतो. विचारण्याचा राग नाही. विचारणाऱ्याच्या तोंडावर जी आधीच ठरवून आलेली भीती असते, तिचा राग येतो. तीच एकेकाळी माझ्याही तोंडावर होती, म्हणून असेल.

तर उत्तर आधी देऊन टाकतो. डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायला जो लेझर वापरतात, त्यानं माझा डोळा जळला नाही. इलाजासाठी जो मारतात तो मुद्दाम जाळतो, पण जिथं जाळायचं तेवढ्याच जागी. हे दोन वेगळे लेझर आहेत. आमच्याकडे दोघांनाही एकाच नावानं ओळखतात आणि एकाची भीती दुसऱ्याच्या नावावर जाते. एवढं कळलं तरी बरंच काही होतं. बाकीचं सांगण्यासाठी हे लिहितोय. जाड पेननं लिहावं लागतं, ओळी वाकड्या जातात, त्याला इलाज नाही. आमच्या घरची बोली अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी. जशी आठवते तशी मांडली आहे.

तोंड नसलेला भाईजान

कापसाची पडती वर्षं होती ती. नवी ट्रॉली कोणी बनवायला टाकत नव्हतं. मोडलेलं वखर लोक तारेनं बांधून चालवून घेत. आमच्या दुकानात वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर दिवस दिवस खुंटीला टांगलेला असायचा. शेवटी काम मिळालं ते जिनिंगचं. केळापूरच्या बाजूला कापसातली सरकी काढायची एक जिनिंग फॅक्टरी बंद पडली होती आणि तिची यंत्रं कापून भंगारात काढायची होती. ज्या यंत्रांना आमच्या अब्बांनी हयातभर वेल्डिंगचे टाके मारले, तीच आम्ही दोघं भाऊ गॅस कटरनं कापत होतो. माझ्या मोठ्या भावाला, सलीमला, मी भाईजान म्हणतो. मेलेल्या जनावराचं कातडं काढल्यासारखं वाटायचं ते काम.

तिथंच एका दुपारी उजव्या डोळ्यात घाम गेला. तो डोळा मिटून मी नुसत्या डाव्यानं भाईजानकडे पाहिलं, तर त्याला तोंडच नव्हतं. दोन्ही कान जागेवर, डोक्यावरचा रुमाल जागेवर, आणि मधला भाईजान गायब. तिथं एक मळकट, राखाडी डाग. मला हसू आलं आधी, खरं सांगतो. मग डाग हटेना, तेव्हा कटर बंद केला.

"काय झालं बे?" भाईजाननं विचारलं.

"काही नाही. घाम गेला डोयात."

आठवडाभर मी कोणाला बोललो नाही. रोज सकाळी उजवा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर पाहायचो. कडेच्या तारखा दिसायच्या, मधल्या नाही. शमीमनं, माझ्या बायकोनं, मला तसं करताना पकडलं. तिचं माहेर घाटंजीकडचं, बोलणं एकदम रोखठोक. तिनं माझ्यासमोर बोटं धरली, मला मोजता आली नाहीत, आणि ती तशीच खाली बसली.

"तुम्ही मले काहून नाही सांगतलं?"

सांगितलं की ते खरं होईल असं वाटत होतं.

नागपूर

डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात गेलेल्यांना ते बाक माहीत असतील. सकाळी थेंब टाकतात, डोळे झोंबतात, बाहुल्या मोठ्या होतात, आणि मग सगळा व्हरांडा एकाच रंगाचा, दुधात बुडाल्यासारखा होतो. सगळे डोळे मिटून बसलेले. कोणी कोणाला पाहत नाही, पण सगळे एकमेकांचं ऐकतात. वणीकडचा एक कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर शेजारी होता. तो म्हणाला, त्याच्या मालकाच्या डोळ्यात लेझर मारला आणि तो आंधळा झाला. "लेझर म्हणजे आग हाय भाऊ. आग डोयात घालते का कोणी?"

आग डोळ्यात घालते का कोणी. हे वेल्डरला सांगायचं म्हणजे! डोळ्याला वेल्डिंग लागणं काय असतं ते मला माहीत आहे. उघड्या डोळ्यानं टाका पाहिला की दोन-चार तासांनी डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, बटाट्याच्या चकत्या ठेवून माणूस अंधाऱ्या खोलीत पडून राहतो. हे मी शिकाऊ असताना इतक्यांदा भोगलं की अंगात एक गोष्ट मुरून गेली. मोठी शिवण मारताना आम्ही काळी काच धरतो. पण छोटा टाका मारायला काच कोण उचलतो? रॉड जागेवर नेमायचा, मान झटकन डावीकडे फिरवायची आणि मगच टेकवायचा. पाहायचं नाही. हाताला जागा माहीत असते. अब्बा असेच करायचे, भाईजान असाच करतो, हायवेवरचा प्रत्येक वेल्डर असाच करतो. मान फिरवताना विचार करावा लागत नाही, पापणी मिटावी तशी ती फिरते.

डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, आवाज मात्र ठाम. रक्त तपासलं होतं. म्हणाल्या, "शुगर बरीच वर्षं असणार. तुम्हाला पत्ता नव्हता. डोळ्याच्या पडद्यावर सूज आहे, बारीक नसा पाझरतायत. डाव्याचं मधलं गेलंय. उजव्याचं किती आहे ते फोटो काढल्याशिवाय सांगता येणार नाही."

"वेल्डिंगनं नाही झालं?"

"मुख्य कारण शुगर. वेल्डिंगनं भर घातली का, ते मी छातीठोक सांगू शकत नाही."

मला वाईट वाटलं, आणि का वाटलं ते सांगतो. कामानं गेला असता तर निदान डोळा कामी आला असं म्हणता आलं असतं. चहातल्या साखरेनं जावा याचा अपमान वाटला.

मग त्या म्हणाल्या, फोटो लेझरनं काढतात. मी उठून उभाच राहिलो. "मॅडम, एक डोळा गेला. दुसऱ्यात आग नाही घालू देणार."

त्या चिडल्या नाहीत. बाहेर रांग होती तरी मला बसवलं. "तुम्ही गॅस कटरनं पत्रा कसा कापता?"

"ज्योत एका जागी धरून. लाल झाला की कापला जाते."

"आणि ज्योत पत्र्यावरून भरकन फिरवली तर?"

"तर काय, काळा पण नाही पडत."

"तसंच आहे. हा किरण एका जागी थांबत नाही, सारखा फिरतो. मुळात तो तुमच्या ज्योतीपुढे काहीच नाही, त्याची ताकद ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत ठेवलेली असते. आणि फिरायचा थांबला तर यंत्र त्याला बंद करतं."

"आणि यंत्रानं बंद नाही केलं तर?"

त्या हसल्या. "धोका कशातच शून्य नसतो. पण मला विचाराल तर मी उजेडाला घाबरत नाही. फोटोच्या आधी हातात एक पिवळं औषध टोचतात, त्याचं जास्त लक्ष ठेवावं लागतं. मळमळेल, कोणाला अंगावर गांध्या येतात, क्वचित कोणाला जास्त त्रास होतो. म्हणून शेजारी सिस्टर उभी असते. लघवी दोन दिवस हळदीसारखी होईल, घाबरू नका."

धोका शून्य नाही म्हणाल्या म्हणूनच माझा विश्वास बसला. काहीच होत नाही म्हणाल्या असत्या तर मी बस पकडली असती.

मान

फोटोची खोली लहान आणि गार होती. हनुवटी एका पट्टीवर, कपाळ दुसऱ्या पट्टीला. आधी मंद लाल उजेड आला, तो सोसला. मग सिस्टरनं हातात पिवळं औषध टोचलं, तोंडात लोखंडासारखी चव आली. आणि मग समोर निळा उजेड उघडला.

निळा! आमच्या रॉडच्या टोकाला असतो तसाच. माझी मान फिरली.

"सरळ बघा," फोटो काढणारा म्हणाला. मी सरळ झालो. पुन्हा निळा, पुन्हा मान डावीकडे. मी फिरवत नव्हतो, अल्लाची शपथ. मी सगळा जीव एकवटून समोर पाहायचं ठरवायचो आणि पुढच्या क्षणी माझा गाल त्या पट्टीवर असायचा. औषध नसांतून निघून चाललं होतं, फोटो नुसते पांढऱ्या फराट्यांचे येत होते. तो माणूस वैतागला. "काका, लहान पोरं पण बसतात नीट." मलाही संताप आला, पण कोणावर काढणार, स्वतःच्या मानेवर?

शेवटी शमीमला आत बोलावलं. तिनं मागून माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, कानांवर तळवे घट्ट दाबून. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत तिनं कधी माझा हातसुद्धा धरला नव्हता. तिच्या बांगड्या माझ्या मानेला टोचत होत्या. "मी हाय ना," ती म्हणाली, "पाहा समोर." तेव्हा कुठे फोटो निघाले.

डोळ्याला काही झालं नाही. तासाभरात पहिल्यासारखंच दिसायला लागलं, म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं. बाहेर येऊन मी दवाखान्याच्या मोरीत उलटी केली, आणि पिवळ्या डोळ्यांनी, पिवळ्या नखांनी बाकावर बसलो. फोटोला इतका घाबरलो होतो की फोटोत काय निघेल याला घाबरायचं राहूनच गेलं होतं.

डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो दाखवले. डाव्या डोळ्याचं काही करण्यासारखं नव्हतं. उजव्यात मध्याच्या अगदी जवळ नसा पाझरत होत्या. त्या बंद केल्या नाहीत तर उजवा डाव्याच्या मार्गानं जाणार. बंद करायच्या तर दुसरा लेझर, जाळणारा.

"करून टाका," मी म्हणालो. भीती संपली होती तोवर.

त्यांनी फोटोकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "फोटोत हललात, दुसरा काढला. तिथं हललात तर दुसरा डोळा नाही तुमच्याकडे. ठिपका मध्यापासून केसभर लांब मारायचा आहे. इंजेक्शन देऊन मी डोळा सुन्न करू शकते, मान नाही करू शकत. आणि पाठीमागून कोणी धरलेली मान थोडी तरी हलतेच."

"मग?"

"पुढच्या महिन्यात या. तोवर शुगर खाली आणा. आणि ही सवय मोडा."

टॉर्च

सवय मोडा! वीस-पंचवीस वर्षं जिनं डोळे वाचवले ती.

घरी आल्यावर शमीमनं शिलाई मशीनच्या टेबलावर उशी ठेवली, त्यावर माझी हनुवटी टेकवायला लावली आणि मोठा टॉर्च घेऊन समोर बसली. आमच्याकडे तेव्हा दुपारचं भारनियमन ठरलेलं. वीज गेली की ती खिडक्या लावायची आणि टॉर्चला निळी जिलेटीन पन्नी बांधून एकदम पेटवायची. माझी मान फिरायची. "फिरली," ती म्हणायची. पुन्हा. "फिरली." पुन्हा. कंटाळा तिला माहीतच नव्हता. मी चिडायचो, उठून जायचो, एकदा टॉर्च हिसकून फेकला. तिनं काच बदलून आणली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर बसली.

"तू कायले माह्या मागं लागली?" मी ओरडलो.

"मले आंधळ्याची बायको नाही व्हायचं," ती तेवढ्याच जोरात म्हणाली. मग टॉर्च मांडीवर ठेवून रडली. तिनं रडून घेतलं आणि पुन्हा टॉर्च उचलला.

भाईजानला हे सगळं थेर वाटायचं. जिनिंगचं काम एकट्यावर पडलं होतं, तो थकून यायचा आणि दारातून पाहायचा. "डॉक्टरनं सांगतलं न् तू पोरावानी खेळून राह्यला," म्हणायचा. मी उलट बोललो. आम्ही भाऊ कधी भांडलो नव्हतो, त्या महिन्यात जेवायच्या पाटावर बसून भांडलो. मला वाटतं त्यालाही भीतीच वाटत होती. एकट्यानं दुकान चालवायची पाळी येईल ही भीती त्याला फक्त रागानंच बोलता येत होती.

टॉर्चनं मान मोडेना, तेव्हा शमीम स्वतः दुकानात गेली. भाईजानला म्हणाली, "तुम्ही रॉड मारा, हे काचेमागून पाहतील. मान नाही फिरवाची." काळी काच डोळ्यावर घट्ट बांधून मी समोर उभा राहायचो आणि भाईजान लांबून टाका मारायचा. काच होती, उजेड पोचत नव्हता, पण मानेला काच कळत नाही. ती फिरायचीच. भाईजान मारत राहिला, मी उभा राहत राहिलो. मग एके दिवशी ती अर्धीच फिरली. पुढे कधीतरी नुसती मानेतली शीर ओढली गेल्यासारखं झालं. आणि मग तेही झालं नाही. भाईजाननं होल्डर खाली ठेवला, माझ्याजवळ आला आणि माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. त्या दिवशी घरी खिचडीत शमीमनं तूप घातलं, डॉक्टरांनी नको म्हटलेलं.

हिरवा

इलाजाच्या दिवशी डोळ्यावर जेल लावून एक भिंग चिकटवलं. "डाव्या डोळ्यानं समोरच्या लाल ठिपक्याकडे बघत राहा, म्हणजे उजवा स्थिर राहील," डॉक्टरबाई म्हणाल्या. पण डाव्याला मधलं दिसतच नाही. ठिपका कुठे आहे ते मला कळेना. त्यांच्याही ते लक्षात आलं आणि त्यांनी हात थांबवला.

"मी मशीनचं टेबल पाहतो," मी म्हणालो. त्यांना काही कळलं नाही. मला म्हणायचं होतं, मी घरचं शिलाई मशीन समोर आहे असं धरून चालतो.

हिरवा उजेड टकटक येत राहिला. प्रत्येक टकटकीला डोक्यात मागे काहीतरी टोचायचं. त्यांचा पाय पेडलवर, माझी हनुवटी पट्टीवर. शमीम बाहेर होती. मी दात आवळले नाहीत, मुठी आवळल्या नाहीत. एवढ्या दिवसांत शिकलो होतो की कुठेही आवळलं की मान जागी होते. सगळं सैल सोडलं. शेवटी दिवा लागला तेव्हा डॉक्टरबाईंनी खुर्चीला पाठ टेकली. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"एकदाही हलला नाहीत."

उजव्या डोळ्याची सूज काही महिन्यांत उतरली. नजर वाढली नाही, पण जायची थांबली. पेपरातलं मोठं अक्षर वाचता येतं, शमीमचा चेहरा दिसतो, नातेवाइकांना लांबून ओळखतो. याहून जास्त कोणी कबूल केलं नव्हतं, तेव्हा तक्रार नाही.

दुकान

डॉक्टरबाईंनी वेल्डिंगला सक्त मनाई केली होती. मी म्हटलं, मारणार नाही, नुसता हाताखाली राहीन. अँगल धरायला तरी माणूस लागतोच. जिनिंगचं भंगार संपलं होतं, दुकानात एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हूक आला होता. भाईजान म्हणाला, "धर रे," आणि मी धरला. हजार वेळा धरला असेल तसा. त्यानं रॉड नेमला, मान फिरवली आणि टेकवला.

मी समोर पाहत होतो.

पांढरं-निळं, अगदी जवळ, हाताच्या अंतरावर. इतकं सुंदर असतं ते मला कधी माहीत नव्हतं, कारण मी ते उघड्या डोळ्यानं कधी टक लावून पाहिलंच नव्हतं. भीती वाटली नाही. मान जागची हलली नाही. टाका संपला, भाईजाननं तोंड वळवलं आणि मला तसं उभं पाहिलं.

"तू पाहून राह्यलता?"

"हो."

"काहून बे?"

"मान नाही फिरली, भाईजान."

त्यानं होल्डर जमिनीवर टाकला. मला बाहेर ओढत नेलं, रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि उजवा डोळा स्वतःच्या हातानं झाकला, जणू आता झाकून काही होणार होतं. संध्याकाळी डोळे वाळूनं भरले, शमीमनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. दोन दिवसांनी नागपूरला तपासलं. डोळा वाचला होता, थोडक्यात. मानेची ती सवय परत लावता येते का असं मी डॉक्टरबाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी खाली पाहिलं.

भाईजाननं आणि मी प्रयत्न केला, खोटं सांगत नाही. काच बांधून उभा राहायचो आणि मुद्दाम मान फिरवायचो. फिरते, पण आठवण झाल्यावर. उजेड तोवर येऊन गेलेला असतो.

तेव्हापासून मी दुकानाच्या आत जात नाही. शमीमनं माझी खुर्ची बाहेर ठेवली आहे, पाठ दुकानाकडे, तोंड रस्त्याकडे. गिऱ्हाईक आलं तर बोलतो, डोळ्यांचं विचारणारं आलं तर सगळं सांगतो आणि शेवटी सांगतो, जा, फोटो काढून घे, उशीर करू नको. भाईजान आत एकटा काम करतो. समोरून जाणारी माणसं मधेच एकदम मान फिरवतात, त्यावरून मला कळतं की त्यानं टाका मारला.